जोडलेलं आणि ठेवलेलं

पाणी ओसरल्यावर नवव्या दिवशी
सर्व्हेअर मगदूम आले, दुधाळीत, आमच्या बोळात.
उंबऱ्याशी त्यांनी बूट काढले.
आत घोट्याएवढा गाळ, तरी काढले.
"असू दे हो," मी म्हटलं.
"सवय आहे," ते म्हणाले.

भिंतीला टेप लावली. चार फूट दोन इंच.
घरभर एकसारखी रेघ,
गवंड्याला जमली नव्हती अशी पाणसळीत.

पॉलिसी पिशवीत, पिशवी डब्यात, डबा माळ्यावर,
म्हणून घरात तेवढाच कागद कोरडा.
कर्जाच्या फायलीत बँकेनंच तो घातलेला.
फुल्या होत्या तिथं ह्यांनी सह्या केल्या,
मी चहा टाकला.
वाचला कुणीच नाही.

"हा विमा इमारतीचा," मगदूम म्हणाले.
"जोडलेलं आहे ते यात. ठेवलेलं आहे ते नाही."

वाक्य तर सोपं होतं.
मी घरभर हिंडत विचारत सुटले.
ओटा? यात. शेगडी? नाही.
कोनाडा यात. कोनाड्यातला जोतिबा नाही.
भिंतीतलं कपाट?
दार ओढून त्यांनी बिजागऱ्या बघितल्या.
"यात. आतलं नाही."
चौकट यात, वापराची वर्षं वजा करून.
चौकटीवर रणधीरची उंची, पेन्सिलीनं,
बालवाडीपासून आठवीपर्यंत.
ती त्यांनी वाकून वाचली,
वहीत काही लिहिलं नाही.

"आणि माझं मशीन?
धडधडतं म्हणून ह्यांनी फरशीला बोल्ट मारलाय.
जोडलेलंच की ते!"
मगदूम उकिडवे बसले, बोटानं गाळ खरवडला,
बोल्ट सापडेपर्यंत खरवडला.
"बोल्ट यात धरता येईल, वहिनी."
मी हसले. नऊ दिवसांत पहिल्यांदा.
मग हसू थांबेना, तेव्हा ते खिडकीकडे बघत राहिले.

सामानाचा भाग वेगळा असतो म्हणे.
त्याच कागदावर, दुसऱ्या पानावर,
एक रिकामी चौकट त्यांनी बोट ठेवून दाखवली.
इथं टिक हवी होती.
वर्षाला एका अस्तराच्या ब्लाउजची शिलाई,
त्याहून फार नाही.

मागच्या भिंतीशी ते थांबले.
पोपडे आलेले, हिरवट, पार छताला भिडलेले.
"ही ओल पुराची का?"
पेन कागदावर टेकवून विचारलं, माझ्याकडे न बघता.
मला कळलं ते कशाला बघत नाहीत.
पण रेघ होती छातीला आणि ओल होती डोक्यावर.
पाणी काय उडी मारून जातं?
"नाही," म्हटलं, "शेजारची टाकी गळते. चार वर्षं झाली."
"मग नाही बसत. एकदम आलेलं बसतं,
हळूहळू आलेलं नाही बसत."
ह्यांचा खोकला आठवला मला.
तोही आधी हळूहळूच होता.

"अजून काही?" त्यांनी वही मिटता मिटता विचारलं.
होतं. दोरीवर अकरा ब्लाउजपीस,
गौरीसाठी शिवायला आलेले, बायकांनी विश्वासानं टाकलेले.
सावर्डेकर वहिनींचा मोरपंखी,
मुजावरांच्या शबानाचा, रुखवतातल्या साडीचा.
हे जोडलेलंही नाही, ठेवलेलंही नाही.
हे माझंच नाही.
मगदूमांनी नुसती मान हलवली.
जाताना बूट हातात घेऊन गेले, बोळाच्या टोकापर्यंत.

पैसे आले दिवाळीच्या पुढं.
प्लास्टर झालं, दार झालं,
दुसऱ्या पानावर टिक झाली, माझ्या हातानं.

पण ते सगळं नंतर.
त्या आठवड्यात मी महाद्वार रोडला उभी होते,
धुऊन धुऊन फिकटलेला मोरपंखी तुकडा मुठीत,
आणि दुकानदाराला सांगत होते,
"असा नको. हा पाण्याआधी जसा होता, तसा दाखवा."