फिकट गुलाबी

नर्स मॉरीन म्हणाली, याला टायट्रेशन म्हणतात,
आणि मी शेफील्डच्या त्या क्लिनिकात, रेडिएटरला टेकलेल्या खुर्चीतून
थेट साताऱ्याच्या लॅबमध्ये जाऊन उभी राहिले.
ब्युरेट, खाली पांढरी टाइल, फिनॉल्फ्थेलिनचे दोन थेंब,
आणि देवस्थळी सर मागून सांगतायत,
आता एकेक. आता श्वास रोखून.
सगळ्यांचे फ्लास्क फिकट गुलाबी.
माझा कायम राणी रंगाचा.
लक्ष कुठंय, वेंधळे?

लक्ष खिडकीत होतं, सर.
पुढची चोवीस वर्षंही तिथंच होतं,
खिडक्या तेवढ्या बदलत गेल्या.
आता ट्रामच्या आहेत. मी तिकिटं फाडते,
आणि आपला स्टॉप आला हे प्रवासीच मला सांगतात.

माझी पहिली गोळी मार्चमधल्या एका मंगळवारी.
वाटलं होतं काहीतरी सुटेल, छातीतून उधळेल.
झालं इतकंच, की फ्रिजची घरघर थांबली
आणि ती थांबलेली मला कळली.
मग कौन्सिलचं पाकीट उघडलं, नोव्हेंबरपासून पडलेलं,
आणि भर दुपारी सोफ्यावर गाढ झोपले.
उत्तेजक म्हणतात याला.
संध्याकाळी चहा केला
आणि गरम होता तोवरच प्यायले.
आणि मग रडले, ते चहासाठी नव्हे.

तेच औषध निषादला. लहानशी गोळी, वय वर्षं नऊ.
आठवड्यात शाळेची चिठ्ठी: किती छान बसतो तुमचा मुलगा!
बसत होता.
डबा जसाच्या तसा परत, पोळीचा रोल फॉइलमध्ये घट्ट.
टेबलावर चमच्याचा ठेका नाही.
उतारावरच्या भिंतीवरचे मॅग्पाय मोजणं नाही.
आई, गोगलगाईला जांभई येते का, नाही.
पाच वाजता औषध उतरायचं
आणि मोज्याच्या शिवणीवरून तो असा फुटायचा
की शेजारच्या मिसेस ऑल्डरसन
बिस्किटांचा डबा घेऊन दारात, काही न बोलता.

डेपोतल्या डॅरनचं काळीज दोन दिवसांत गळ्याशी आलं,
तो तिसऱ्या गोळीचं नाव काढत नाही.
ऑफिसातल्या रुखसानाने तीन औषधं बदलली.
काही नाही गं, म्हणते, पेपरमिंट खाल्ल्यासारखं.
बहीण फोनवर: व्यक्ती तितक्या प्रकृती,
वांगं कुणाला पथ्य, कुणाला वातूळ.
खरंय ताई. पण वांग्याची भाजी वाढून
मी मुलाचा चेहरा तासातासाला वाचत बसले नव्हते.

वही केली. आयुष्यातली पहिली, जी मध्येच सुटली नाही.
भूक, झोप, नाडी, रडणं.
शेवटच्या रकान्याला नाव सुचेना, लिहिलं: प्रश्न.
सोमवार शून्य. मंगळवार शून्य.
गुरुवारी एक: जेवायलाच हवं का?
मॉरीनने चष्मा काढला, पुसला, परत घातला.
हा रकाना आमच्या फॉर्मवर नाहीये, म्हणाली,
आणि बराच वेळ तिथेच बघत राहिली.

आता दुसरं औषध आहे, इवलासा डोस.
माझी गोळी मात्र तीच. रोज सकाळी
दोघांच्या डब्या शेजारी शेजारी ठेवते,
आणि जी शांतता मला पुरून उरली
तीच त्याला गिळत होती,
हे गणित मला अजून पाण्याच्या घोटाबरोबर
खाली उतरवता येत नाही.

आज चौथा दिवस. पोळी अर्धी संपली.
खिडकीबाहेर पाऊस तिरका, टेकडीवरून ट्राम उतरतेय,
तो तिकडे बघतोय.
चमचा टेबलावर एकदा वाजला.
मी हातातलं भांडं खाली ठेवलं नाही.
दुसऱ्यांदा वाजला,
मग काही नाही, मग काही नाही