जाहिरात, आठवा मसुदा

पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं:
डॉक्टर पाहिजे. पगार योग्यतेनुसार.
तेव्हा आम्हाला वाटायचं
योग्यता त्यांची मोजायची असते.

मी व्हर्ना शात्झ. धान्याच्या कोठारावर तीस वर्षं
गव्हातल्या ओलाव्याचे आकडे लिहिले,
आता व्हेसबीच्या सोळा खाटांच्या दवाखान्याची चिटणीस.
नॉर्थ डाकोटाच्या नकाशावर आमचं गाव
नेमकं घडी पडते तिथे आहे,
कागद जुना झाला की आधी आम्हीच विरतो.

दुसऱ्या वर्षी आकडा लिहिला.
तिसऱ्या वर्षी आकडा वर, गावाचं नाव सगळ्यात खाली.
चौथ्या वर्षी डेल्बर्ट हाउगे म्हणाला, घर द्या.
पाचव्या वर्षी: शिक्षणाचं कर्ज आम्ही फेडू.
सहाव्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून बोट निघाली.
तळं चाळीस मैलांवर, त्यातही पाच महिने गोठलेलं.
बोट अजून अग्निशामक बंबामागे उभी आहे,
ताडपत्री ओढून.

बोस्टनमधला एक तरुण फोनवर हसला. वाईट नव्हता.
म्हणाला, इथे मला तुमच्या निम्मे मिळतात,
आणि या एका गल्लीत माझ्यासारखे चौदा जण आहेत.
मी विचारलं, मग?
मग काय, म्हणाला,
गल्लीच्या टोकाला ब्रेड फार चांगला मिळतो.

मी ते वाक्य बैठकीच्या इतिवृत्तात
जसंच्या तसं उतरवलं.
कुणी हरकत घेतली नाही.

भाव मला कळतो.
भाव चढला की गहू निघतो.
कुठे नेता, असं त्याने कधी विचारलं नाही.

सातव्या वर्षी आल्या डॉक्टर सेलासी आग्बेको.
घानामधल्या हो गावच्या,
मधे ब्रॉन्क्समधल्या रात्रपाळ्या.
व्हिसाचा नियम: जिथे कुणी जात नाही तिथे तीन वर्षं.
त्यांनी आकड्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. विचारलं,
रात्री बाई अडली तर कुठे नेता?
नव्वद मैल, मी म्हणाले.
बर्फ नसेल तर.

एकवीस बाळं इथेच झाली, दोन तर वादळात.
डेल्बर्टचं हृदय थांबलं, ते त्यांनी पुन्हा चालू केलं,
आणि शुद्धीवर येऊन त्याने बिलावर घासाघीस केली.

त्यांचा नवरा पूल बांधणारा.
पहिल्याच हिवाळ्यात त्याने मला विचारलं,
इथली नदी कुठल्या बाजूला?
मी उगाच खिडकीकडे पाहिलं.
त्याला मिनियापोलिसमध्ये काम मिळालं,
एक शुक्रवार सोडून एक शुक्रवार यायचा,
आणि धाकटी फोनलाच पापा म्हणायला लागली.

तीन वर्षं संपली त्या गुरुवारी आम्ही केक कापला.
तिथे एक तृतीयांश कमी मिळणार आहे,
हे त्यांनीच सांगितलं,
कागदी बशी हातात धरून,
जणू माझे पैसे बुडवत होत्या.

एकदा, फाइली लावताना, सहज म्हणाल्या होत्या
की होमधली त्यांची जागा
त्या निघाल्यापासून रिकामीच आहे.
मी तेव्हा पुढची फाइल मागितली.

आता रात्री वाटतं, तिथेही असेल एखादी,
माझ्याच वयाची, चष्मा कपाळावर चढवलेली,
जाहिरात लिहिणारी.
तिच्या आकड्यात आमच्यापेक्षा किती शून्यं कमी?
घर देऊ म्हणते का ती? तिच्याकडे बोट आहे का?
सात वर्षं आम्ही आकडा चढवत राहिलो
आणि तिला कुणी कळवलंही नाही.

तीन वर्षं मी काही लिहिलं नव्हतं.
आज आठवा मसुदा.
पगाराची जागा कोरी सोडली आहे, ती मंडळ भरेल.
बोट काढून टाकली.
खाली दोन ओळी घातल्या आहेत,
डेल्बर्ट त्या खोडणार, मला माहीत आहे:

गावाला नदी नाही.
ब्रेड मी भाजते, मंगळवारी.