पाचवी घडी

जानेवारीत व्हिएन्नामधली माणसं
दोनच कारणांनी आमच्या दुकानाचं दार ढकलतात:
बाहेर बर्फ आहे म्हणून,
नाहीतर शनिवारी बॉल आहे म्हणून.
एगिद पोखोर्नी उंबऱ्यातच थांबला, बूट हलके आपटत,
जणू आत कुणी आजारी झोपलंय.

"मुलगी नाचणार आहे. पहिल्या रांगेत, पांढऱ्या झग्यात.
मला काळं काय ते द्या."

काळं काय ते!
सत्तावीस वर्षं मी काळं भाड्याने देते आहे.
एक काळं झुंबराखाली हिरवट पडतं,
एक धुऊन धुऊन तपकिरीकडे झुकतं,
आणि एक असतं मध्यरात्रीचं निळं,
दिव्यात काळ्याहून काळं दिसणारं.
तो म्हणाला, मध्यरात्र माहीत आहे मला,
तेव्हाच उठतो मी कामाला.

बेकर. ओटाक्रिंगच्या कोपऱ्यावर भट्टी.
मग मनगटांवरचे ते आडवे डाग समजले,
आणि उजवा खांदा डाव्याहून बोटभर का उतरलाय तेही.
टेप गळ्यात अडकवून मी गुपचूप लबाडी केली,
उजव्यात जरा जास्त कापूस.

गोल कॉलर नको, चेहरा आधीच पावासारखा.
टोकदार घ्या. साटीन फार आरसा होतं,
हे बारीक रेघांचं रेशीम बघा.
कमरपट्ट्याच्या चुण्या वर तोंड करून.
"म्हणजे चुरा साठणार,"
तो म्हणाला, गंभीरपणे.

कफलिंक लावायला हात पुढे केले त्याने
तपासणीला करावेत तसे.
"पंधराव्या वर्षापासून बाह्या दुमडतोय.
कफ कुठवर येतो ते विसरलो होतो."
काळा गोमेद, चांदीची कड.
सगळ्यात लांब डाग तरी थोडा बाहेर राहिलाच.

घड्याळ काढा.
"मग तीन कधी वाजले ते कळणार कसं?"
संध्याकाळच्या पोशाखात घड्याळ घालत नाहीत,
वेळ बघणं हा यजमानाचा अपमान.
बघत राहिला माझ्याकडे.
अशी श्रीमंती त्याने ऐकली नव्हती.

बूट चव्वेचाळीस, रुंद,
उभ्याने आयुष्य काढलेले पाय.
पेटंट लेदर तोंडाशी न्यावं इतकं लखलखीत,
आणि करारात तेराव्या ओळीत:
ओरखडा पडल्यास अकरा युरो.

राहिला बो.
हुकाचा तयार दिला असता, सगळे तोच नेतात.
नको म्हणाला. चारदा बांधला,
चारदा मेलेल्या वटवाघळासारखा लोंबला.
पाचव्यांदा त्याने आरशाकडे पाठ केली.
अंगठा मधोमध रोवला, एक घडी, वळसा,
अजून एक, आणि शेवटचं टोक
अंगठा जिथून निघाला नेमकं तिथेच खुपसलं.
"हे तर झेमेल आहे," तो म्हणाला.
"पाच घड्यांचा पाव. पाचवी भोकात जाते.
रोज सहाशे करतो."
बो थोडा तिरका होता.
सरळ करायला माझा हात गेला,
मग खिशात गेला.

सोमवारी कपडे परत येतात.
मी आधी खिसे बघते, ते माझं वाचन:
कोटघराचे बिल्ले, एकटं कानातलं,
एकदा तर कुणाचा राजीनामा, न दिलेला.
याच्या खिशात काही नव्हतं.
बाह्यांच्या घडीत मात्र आतवर पीठ,
बाहीला बाहेरून बोटांचे पांढरे ठसे.
घरी गेलाच नव्हता. नाचघरातून थेट भट्टीवर,
मध्यरात्रीचं निळं कोपरापर्यंत दुमडून.

आणि डाव्या बुटाच्या नाकावर
बारीकशी चंद्रकोर. बाईच्या टाचेची.
मुलीची असेल. मुलीची नसेलही.
पावतीवर त्याने एकट्याचंच नाव लिहिलं होतं.

मालकीणबाई आतून ओरडल्या, काही नुकसान?
मी रजिस्टर ओढलं.
कोट: घासणे. शर्ट: धुणे.
जोडा:
इथे मी पेन थोडं धरून ठेवलं.
जोडा: ठीक.

शनिवारी तोच बूट ग्राट्सच्या एका दातांच्या डॉक्टरला जाईल,
चव्वेचाळीस, रुंद.
पुसायचं फडकं हातात घेतलं मी,
उजवा पुसला.