मंडईच्या आधी

साकोलीच्या बसस्टँडमागे, मोबाईल दुरुस्तीच्या काउंटरवर
टेंभुर्णेनं दोन डबे उघडले.
एक पेन काळा, एक चांदीच्या रंगाचा. वायर दोन्हींना नाही.
"एकच ठेव," तो म्हणाला, "दुसरा उद्याच्या कुरिअरनं वापस जाईल."
मी हात धुऊनच आलो होतो.
तरी पुन्हा शर्टाला पुसले.

काळा हलका, एकशे साठ ग्रॅम;
आमच्या बाजारात याहून जड वांगं मिळतं.
सुई साडेतीन मिलिमीटर उतरते, बॅटरी चार तास.
चांदीचा जड. दोन बॅटऱ्या,
सुईचा उतार बोटानं फिरवून कमी-जास्त होतो,
आणि हजार रुपयांनी महाग.

माझं जुनं मशीन मामानं बनवलेलं:
टेपरेकॉर्डरची मोटर, टूथब्रशचा दांडा,
जोर मोटारसायकलच्या बॅटरीचा.
मागच्या मंडईत, दंडार बघायला धावणाऱ्या एका पोराचा
पाय वायरीत अडकला,
आणि भागरताबाईच्या हातावर
हेमराजमधल्या 'र'ची शेपटी थेट मनगटापर्यंत गेली.
मी माफी मागत राहिलो.
ती म्हणाली, "राहू दे ना भाऊ.
तोबी असाच लांब गेला, हैदराबादले."

म्हणून वायर नको.

मी पिशवीतून कोहळं काढलं. टेंभुर्णे हसला.
हसू दे. कोहळ्याची साल
आणि रोवणी करून आलेल्या बाईचं मनगट,
दोन्हींना घाई चालत नाही.

काळ्यानं रेघ ओढली
बोडीच्या पाण्यावर निवळी चालावी तशी.
आवाज? काहीच नाही.
"सायलेंट आहे," तो म्हणाला,
"गिऱ्हाइकाले वाटनच नाही मशीन चालू आहे म्हणून."

तिथं मी अडलो.

पंधरा वर्षं माझं मशीन घरघरतंय
आणि त्या घरघरीखाली माणसं बोलतात.
ट्रॅक्टरवरचा दांडगा गडी
मुलीचं नाव छातीवर घेताना ढसाढसा रडला,
मशीन थांबताच म्हणाला, धूर गेला डोळ्यात.
एकीनं चार अक्षरांचं नाव सांगितलं,
दोन झाल्यावर म्हणाली, बस, इथंच थांब.
तिची सासू कनातीबाहेर जिलेबी खात होती.
दुखतं म्हणून रडता येतं,
घरघरतं म्हणून कोणाला कळत नाही.
पन्नास रुपये अक्षर घेतो मी,
त्यात हेही आलं.

चांदीचा सुरू केला.
गुणगुणला, हंड्यात अडकलेल्या माशीएवढा.
पुरेल?
टेंभुर्णेला म्हटलं, जरा दाराशी जाऊन उभा राह.
पेन कोहळ्यावर टेकवला, मान खाली घातली
आणि एक गोष्ट बोललो.
घरीही कधी बोललो नव्हतो.

"आयकू आलं?"
"नाही बा. काय म्हणत होता?"
"हाच दे. हजार मंडई झाल्यावर."

लाखांदूरच्या बसमध्ये मनगट आत्ताच दुखायला लागलं;
जड आहे, सवय होईल.
पिशवीत कशानं तरी बटण दाबलं गेलं.
शेजारचा म्हणाला, "भाऊ, फोन वाजून रायला तुमचा."
मी हो म्हणालो
आणि दिघोरीपर्यंत वाजू दिला.