बाकी पुढे

मुहर्रकच्या जुन्या गल्लीत, एसीच्या घरघरीखाली
खलील अल्-कल्लाफ उजव्या हाताला वही उघडतो.
मला वाटतं, शेवटापासूनच उघडली.
त्याच्या पणजोबांची वही, होड्या बांधायच्या कारखान्याची.
आठ शुक्रवार दारं वाजवत हिंडले, तेव्हा ही मिळाली.

माझ्यापाशी होतं काय?
बिस्किटांच्या डब्यातली मनिऑर्डरची एक पावती, रुपये सात,
शिक्क्यावर 'मुहर्र' एवढंच, पुढचं कसरीने खाल्लेलं.
आणि घरात चालत आलेलं एक वाक्य:
आपा तारी, तांबळडेगचो, कलपती,
गलबतासकट बुडालो, शके अठराशे एक्कावन्न.
अंग मिळालं नाही.
पळसाच्या पानांचा माणूस करून खाडीकाठी जाळला.
शेवंती पणजीने नंतर आरशात पाहिलं नाही म्हणतात.
म्हणतात. दाखला नाही.

मी इथे एका कंत्राटदाराकडे पगारपत्रक करते.
नऊशे बारा माणसं, वजावटींसकट.
नाव चुकलं की माणूस खिडकीशी येऊन उभा राहतो,
काही बोलत नाही, पासपोर्ट पुढे करतो.

खलील बोट ठेवून वाचतो
आणि मला अरबी येत नसूनही कळत जातं:
हिसाब. तारीख. जमा. बाकी.
हे तर आईचे शब्द,
दूधवाल्याशी भांडतानाचे.
'अबा तारी, हिंदी, गल्लाफ.'
अरबीत प नाही, तो म्हणतो, माफी मागितल्यासारखा.
गल्लाफ म्हणजे?
तो आपल्याच दारावरच्या पाटीकडे बोट दाखवतो,
मग दोन बोटांनी हवेतली एक फट बुजवतो.
कलपती.

शके, हिजरी, इसवी
एका कागदावर मांडून मी वजाबाकी केली. पुन्हा केली.
मेल्यानंतर चौथ्या वर्षी, रजब महिन्यात,
आपा तारीने मोरीचं तेल घेतलं, दोन डबे.
कापूस. खिळे. सुंठ.
सात रुपये हिंदला. परत आले.
सात रुपये हिंदला. परत आले.
तिसऱ्यांदा परत आलेले सात
त्याने स्वतःच्याच खात्यात जमा केले.
त्यानंतर हिंद हा शब्द वहीत नाही.

मग ती पावती डब्यात कुणी जपली?
विचारायचं तर आता आहे कोण.

पुढे दीड पान: तेल, कापूस, तेल.
एक आरसा, हातात मावेल एवढा.
लहान मुलीच्या दोन झग्यांचं कापड, हिरवं.
आणि अबा तारी संपतो.
आडवी रेघ नाही, वारला नाही, गेला नाही.
पान उलटलं की त्याच खात्यावर
मागची बाकी अकरा रुपये चार आणे, आणि नाव
अब्दुल्ला, गल्लाफ.

कोणी दुसरा असेल, खलील म्हणतो.
मी मान हलवली.
वीस वर्षं हिशेब लिहिते आहे.
परक्याच्या नावावर
कुणी कुणाची बाकी पुढे ओढत नाही.

तो गप्प झाला. मग माझ्या कानांकडे बघत राहिला.
आमच्या घरात पाळी सुटी नसते, गालालाच चिकटलेली असते,
डूल घालताना सोनाराला त्रास होतो.
मी त्याच्या कानांकडे पाहिलं नाही.
म्हणजे पाहिलं, पण नंतर.

तेवढ्यात बाबांचा फोन.
'तिथी गावली काय गो? भटजी इचारतत.'
नाही गावली, म्हटलं. सर्वपित्रीलाच घाला पान.
'आणि नाव? आपाच सांगू मा?'
मी वहीकडे बघितलं,
उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या त्या ओळीकडे,
जिथं माझा एक प पुसून कुणी ब केला होता.
होय, म्हटलं. आणि थांबा,
पाणी सोडताना एक ओंजळ जास्त सोडा.
'कोणाची?'
लाइन खराब आहे, बाबा.

खलीलने दल्ला उचलला, कॉफी ओतली.
पुरे म्हणायचं तर इथे कप हलवायचा असतो,
मला माहीत होतं.
मी हलवला नाही.
तो ओतत राहिला.