दोन दहाचं काम

वडगावात रात्री आठलाही मागांची खटखट थांबत नाही.
सोसायटीच्या जिन्याखाली, जिथं आधी सुताची पोती असायची,
तिथं आमचा सर्व्हर. पत्र्याचं कपाट, वर एसी,
एसीखाली बादली.

कंपनीनं कळवलंय, ही सिस्टीम आता म्हातारी झाली,
मार्चनंतर तिचं दुखणंखुपणं आम्ही बघणार नाही.
ढवळीअण्णांनी पत्र दोनदा वाचलं.
"चाललंय की चांगलं. कशाला हात लावतीस?"
मग सही केली, खरं पेनाला टोपण
बराच वेळ लावलं नाही.

तर यादी.
बॅकअप तीन. एक कपाटात, एक बँकेच्या लॉकरात,
एक माझ्या डब्याच्या पिशवीत, लोणच्यापासून लांब.
तिसरा मी परवा शहापुरातल्या एका जुन्या मशीनवर उघडला.
उघडून न बघितलेला बॅकअप म्हणजे
न मोजता खिशात घातलेली मजुरी.

पासबुकाचा प्रिंटर. नवी सिस्टीम त्याला ओळख देत नाही.
आमचे निम्मे खातेदार
त्याचा कर्रकर्र आवाज ऐकल्याशिवाय
पैसे जमा झाले असं मानत नाहीत.

नावं.
इथं चार रात्री गेल्या.
कुणीतरी कधीकाळी मराठी आणि कन्नड
एकाच रकान्यात कोंबून ठेवलंय, दोन जुन्या फॉन्टांत.
खाते क्रमांक नऊशे बारा सही एका लिपीत करतो,
रेशन कार्डावर दुसरीत आहे,
आणि चाचणीत, नव्या सिस्टीमवर,
तो नुसते चौकोन झाला. सहा रिकामे चौकोन.
एकेक नाव परत टाईप केलं.
बसव्वा. भरमाण्णा. बाळाबाई.
यादीत कुठल्या लिपीतला ब आधी घ्यायचा
हे अण्णांना विचारलं नाही.
खाते क्रमांकानं लावली.

अंबक्का मावशी सांधणी करायची.
बीम संपला की जुन्या ताण्याच्या टोकाला नवा ताणा,
धाग्याला धागा, दोन बोटांत राख घेऊन पीळ.
अडीच हजार धागे, आणि मधेच कुणी हाक मारली
तर ओ द्यायची नाही.
"एखादा सुटला तर गं?"
"लुगड्यात रेघ पडती.
नेसणारीला दिसत नाही. विणणाऱ्याला दिसत राहती."

आणि हे एक, यादीत नसलेलं.
रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी चालणारं काम.
बुचडी मास्तरांनी लावलेलं. ते हुबळीला मुलाकडं गेले,
तिथंच वारले. कशासाठी लावलं, कुणाला ठाऊक नाही.
फाईल उघडली. दोन ओळींचा प्रोग्राम,
वर टिपण: काढू नये. तेगिब्याड्री.
तो करतो एवढंच:
तारीख लिहितो, आणि पुढं एक शब्द.
आहे.

अकरा वर्षं.
मी खाली खाली सरकत गेले.
आहे. आहे. आहे.
पुराच्या आठवड्यात पाच ओळी नाहीत.
मास्तर गेले त्या रात्रीची ओळ आहे.

निरुपयोगी कामं आधी काढून टाकावीत,
असं कंपनीच्या कागदात छापलंय, सातव्या क्रमांकाला.
सातपुढं मी बरोबरची खूण केली.
काढलं काही नाही.

पावणेअकरा. हेस्कॉमचा परसू फोनवर म्हणाला,
"आज लाईन जाणार न्हाई, मंगाईची शपथ."
म्हणून यूपीएसच्या बॅटऱ्या परत एकदा तपासल्या.
चाळीस मिनिटं. बादली रिकामी केली.
समोरच्या गल्लीतला शेवटचा माग थांबला,
आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
मला पंख्याचा आवाज आला, कपाटातल्या,
थोडा घरघरता.

दोन दहाला जुनी उतरलेली असेल,
नवी अजून चढलेली नसेल.
त्या वेळची ओळ लिहायला मशीनमध्ये कुणी नाही.

हजेरीवहीच्या शेवटच्या पानावर
मी तारीख घालून ठेवलीय.
पेन तिथंच आहे, टोपण काढून.