उसनी जीभ

गुरुवारी साडेअकराला नीवेसबाई येतात.
आधी चीजवाल्या ओत्ताव्योकडे. तो छोट्या हातोडीनं
चाकाएवढ्या पार्मिजानोवर ठकठक करतो
आणि त्या कान लावतात, सुईणीसारख्या.
"हे नको. आत भेग आहे."
तो फोडतो. भेग असते.

मग पाव. दोन्ही हातांत धरून दाबतात,
कवच कुरकुरलं तर पिशवीत, नाही तर परत फळीवर,
तोंडातून अक्षर न काढता.
ऑलिव्ह तेलाची बाटली दिव्यासमोर धरतात,
किंमत वाचतात,
आणि त्या दिव्यालाच काहीतरी सुनावतात.

पर्यटक फुकट नमुन्यांपाशी घोटाळत असतात :
काडीला टोचलेलं हॅम, कागदी कपात घोटभर वाइन.
तूरिनमध्ये तीन दिवस, त्यातला एक इथेच संपतो.
बाई कशालाच तोंड लावत नाहीत.
मला वाटायचं, ताठा असेल. किंवा कवळी.

माझा काउंटर सगळ्यात शेवटी, मासळीचा.
वर सुबक अक्षरांत पाटी :
अँचोव्ही, बारा महिने मिठात मुरवलेल्या, हातानं निवडलेल्या.
शंभर ग्रॅमची जी किंमत, तेवढ्यात बाईंचे आजोबा
अख्खी हातगाडी रिकामी करून घरी जायचे म्हणे,
हिवाळाभर, डोंगरातून खाली, गावोगाव.
"मिठावर कर होता रे. म्हणून पिंपात खाली मीठ,
वर चार मासे. विचारलं कुणी, तर आम्ही मासेवाले."
गरिबाचं तोंडीलावणं ते.
आता काचेआड, गार उजेडात.

आज म्हणाल्या, "पिंपाच्या तळातली काढ.
धू. पाण्यानं नको, वाइननं. काटा काढ."
काढला. पुढे केली.
"मला नको. तू खा."

मी तसाच उभा.

"दोन वर्षांपूर्वी तापात नाक गेलं माझं.
अब्रू नव्हे, वास.
तेव्हापासून सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं.
रविवारी बहिणी येणार. लसूण, तेल, अँचोव्ही, मंद आच,
मधोमध मडकं, आणि भाज्या बुडवत बसायचं
एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढत.
त्यांना कळता कामा नये. खा, आणि सांग."

मी प्रशिक्षणात पाठ केलेलं म्हणालो :
"सौम्य, गोलाई असलेली, शेवटी किंचित बदामाची..."
"बदाम गेला खड्ड्यात.
आधी मीठ येतं की आधी मासा?"

खरं सांगायचं तर
चार वर्षं विकतोय, पण एकही तोंडात टाकली नव्हती.
मी शाक्काचा. तिथे आई खारवणीच्या कारखान्यात.
तिच्या बोटांच्या चिरांत मीठ बसलेलं असायचं,
ती केस विंचरायला लागली की टाळूला चरचरायचं.
घर सोडलं ते या वासापासून लांब जायला,
आणि नोकरी मिळाली ती इथे.

डोळे मिटले. चावली.

"आधी मासा," मी म्हणालो. "मीठ मागून येतं.
उशिरा घरी आलेल्या माणसासारखं,
बूट हातात घेऊन."
बाईंचा हात काचेवर थांबला. "पुढे?"
"पुढे लोखंड. बोटीचा गंज.
मग काहीतरी गोड, पण ते टिकत नाही."
"टिकत नाही ना?"
"नाही."
"मग हीच. दोनशे ग्रॅम.
आणि तो डबा नको, पिवळ्या कागदात बांध."

पैसे मोजून दिले, शेवटचं नाणंसुद्धा.
जाताना माझ्या छातीवरची पट्टी चष्मा वर करून वाचली.
"कालोजेरो. पुढच्या गुरुवारी सुट्टी घेऊ नकोस.
व्हिनेगर बघायचंय."

रोज सुटताना मी अर्ध्या लिंबानं हात चोळतो,
नखांच्या कडा, मनगटं, सगळं.
आज लिंबू तसंच राहिलं.
ट्राममध्ये शेजारचा माणूस
जरा सरकून बसला.